फराळाची जोडणी

(दृश्य: सोऱ्यातून कागदावर पडणारी चकली, अगदी जवळून)

डोंबिवली पूर्व. दिवाळीला तीन आठवडे उरलेत. सोऱ्याचा दांडा फिरतोय, कागदावर चकलीचे वेढे पडतायत आणि फ्रीजवरच्या फोनने टिंग केलं. उठत कुणीच नाही. काकू नुसती मान वळवून वाचतात: चकली १ किलो, चिवडा अर्धा किलो, ठाणे. हा मेसेज कुणी माणसाने टाइप केलेला नाही.

(दृश्य: तेलाचे डाग पडलेली वही)

गेल्या दिवाळीपर्यंत सगळा कारभार या वहीत होता. ऑर्डर यायची व्हॉट्सअ‍ॅपवर, तिथून वहीत, वहीतून एक्सेलमध्ये, आणि शेवटी खोक्यावर पत्ता पुन्हा हाताने. काकूंची बेरीज कधी चुकली नाही. पिनकोड चुकायचे.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा, रंगीत गोल)

आता ऑर्डर देणारा गूगल फॉर्म भरतो. उत्तरं आपोआप गूगल शीटमध्ये एकेका ओळीत जाऊन बसतात. इथपर्यंतचं काम गूगलचंच. पुढचं मात्र या गोलांचं. ‘मेक’ नावाची ही वेबसाइट. एक गोल म्हणजे एका अ‍ॅपमधलं एक काम: हिरवा शीटचा, लाल जीमेलचा, निळा टेलिग्रामचा. मधे ठिपक्यांची रेघ. पहिला गोल फक्त पाळत ठेवतो, शीटमध्ये नवी ओळ आली का? आली, की पुढचे कामाला लागतात.

हे सगळं जोडलंय काकूंच्या धाकट्या जाऊबाईंनी. त्यांनी शाळेच्या कार्यालयात हिशेब सांभाळले. प्रोग्रॅमिंगशी कधी संबंध आला नाही. जीमेलच्या गोलावर त्यांनी क्लिक केलं की चौकट उघडते: कुणाला, विषय, मजकूर. शेजारी शीटचे रकाने रंगीत तुकड्यांसारखे मांडलेले. ‘ईमेल’ हा तुकडा उचलून ‘कुणाला’मध्ये टाकला, ‘नाव’ हा तुकडा ‘नमस्कार’च्या पुढे. झालं. खाली ‘रन वन्स’ दाबलं, की गोल एकापाठोपाठ एक जागे होतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या फुग्यात १ हा आकडा उमटतो.

खरी अक्कल लागली ती या फाट्यावर. एक रेघ भारतातल्या ऑर्डरींची, दुसरी परदेशातल्या. रेघेवर छोटी गाळणी आहे, ती फॉर्ममधला ‘देश’ वाचते. परदेशाच्या वाटेवर एक गोल जास्त: तो गूगल डॉक्सच्या ठरलेल्या नमुन्यात नाव, पदार्थ आणि वजन भरून खोक्यात काय आहे त्याची यादी तयार करतो, कारण परदेशी पार्सलसोबत ती द्यावीच लागते. आणि करंज्या? ओल्या खोबऱ्याच्या टिकत नाहीत, तेव्हा त्या वाटेवर फक्त सुक्या. हा नियम कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीला सुचला नसता. तो काकूंचा.

पहिल्या दिवसांत काम अडायचं, कारण लोक वजन लिहायचे ‘अर्धा’, ‘पाव’, ‘पाचशे ग्रॅम’. जाऊबाई म्हणाल्या, “ताई, लिहायलाच नको देऊया, निवडू दे.” फॉर्ममध्ये यादी आली. प्रश्न मिटला.

(दृश्य: जुन्या वेबसाइटची स्थिरचित्रं)

ही कल्पना आजची नाही. एका प्रोग्रॅमचं उत्तर थेट दुसऱ्याच्या तोंडात द्यायचं, ही सोय अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीवर आली. ती होती संगणकवाल्यांसाठी. २००७मध्ये याहूने ‘पाइप्स’ काढलं: ब्राउझरमध्ये चौकटी ओढायच्या, नळीने जोडायच्या. ते २०१५मध्ये बंद झालं. तोवर अशीच जोडणी करून देणारं सॅन फ्रान्सिस्कोत ‘आयएफटीटीटी’ आणि मिसुरीतल्या कोलंबिया या गावात तीन मित्रांचं ‘झेपियर’ उभं राहिलं होतं. आपण पाहतोय ते मेक मूळचं प्रागचं. तेव्हा नाव ‘इंटिग्रोमॅट’. २०२०मध्ये जर्मनीच्या सेलोनिस कंपनीने ते घेतलं आणि २०२२मध्ये नाव बदललं.

कोड इथेही आहेच. जीमेल, शीट, टेलिग्राम या प्रत्येकाने बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी एक खिडकी ठेवलेली असते, तिला एपीआय म्हणतात. त्या खिडकीशी काय आणि कसं बोलायचं, ते मेकच्या लोकांनी आधीच लिहून ठेवलंय. आपण फक्त परवानगी द्यायची.

(दृश्य: जाऊबाई कॅल्क्युलेटरवर)

हा हिशेब मात्र जाहिरातीत सापडत नाही. फुकट योजनेत महिन्याला १००० क्रेडिट मिळतात, गोलाने एक काम केलं की साधारण एक खर्च. आणि ‘नवी ओळ आली का?’ हे नुसतं विचारण्यालाही एक क्रेडिट जातं, उत्तर ‘नाही’ आलं तरी. दर १५ मिनिटांनी विचारलं तर दिवसाला ९६. म्हणजे अकराव्या दिवशी कोटा खलास, तोही एकही ऑर्डर नसताना! जाऊबाईंनी घड्याळ लावलं: सकाळी सात आणि दुपारी दोन. दिवसाला दोन, महिन्याला साठ. बाकी सगळी क्रेडिट ऑर्डरींसाठी मोकळी. फराळाची ऑर्डर दुसऱ्या सकाळपर्यंत थांबली तरी काही बिघडत नाही.

मग फ्रीजवरच्या फोनला मेसेज टेलिग्रामवरच का? व्हॉट्सअ‍ॅपचं साधं खातं असं जोडता येत नाही. त्यासाठी त्यांचा बिझनेस प्लॅटफॉर्म लागतो, आणि आपणहून पाठवायच्या मेसेजचा मसुदा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. टेलिग्रामचा बॉट, म्हणजे आपोआप मेसेज पाठवणारं खातं, चहा उकळेपर्यंत तयार होतो.

(दृश्य: खोकी भरणारे हात, पत्त्यांचे छापील कागद)

दिवाळीत वही उतरवून द्यायला कॉलेजचा एक मुलगा यायचा, त्याचं काम गेलं. आणि गिऱ्हाइकांचे पत्ते आता परक्या कंपनीच्या संगणकातूनही जातात.

(दृश्य: कुरिअरची पावती, काकू चष्मा वर करून आकडे वाचतायत)

एक गोल अजून लागलेला नाही. कुरिअरवाल्याकडे एपीआय नाही, त्यामुळे ट्रॅकिंग नंबर पावतीवरून वाचून शीटमध्ये हातानेच भरावा लागतो. काकू एकेक आकडा सांगतात, जाऊबाई टाइप करतात. त्या रकान्यात नंबर पडला, की गिऱ्हाइकाला मेल जातो, सात किंवा दोन वाजता.