समुद्रातल्या मरणाचा पंचनामा

मंडळी, सीनू रामसामी यांच्या 'नीरपरवै' या 2012 सालच्या तमिळ चित्रपटात समुद्रकाठच्या एका घराच्या आवारात माणसाचा सांगाडा सापडतो. घर एस्तरचं. नवरा समुद्रावर गेलाय, येईल, असं सांगत ती वर्षानुवर्षं वाट बघत बसलेली. सांगाडा त्याचाच निघतो आणि पोलीस तिलाच धरतात. प्रत्यक्षात तिच्या नवऱ्याला, अरुळप्पासामीला, मारलं होतं समुद्रात, श्रीलंकेच्या नौदलाच्या गोळीने. घरच्यांनी त्याला गुपचूप पुरलं आणि तोंडं मिटून घेतली.

मच्छीमाराच्या घरी एरवी उलट घडतं. प्रेतच मिळत नाही. प्रेत नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून भरपाई नाही. माणूस मेला असं कायद्याने धरून चालायला 7 वर्षं बेपत्ता राहावं लागतं. तोवर त्या बाईने कुंकू लावायचं की पुसायचं? इथे मात्र प्रेत हाताशी आहे आणि तक्रार नाही. दाद कुणाकडे मागायची, हा या चित्रपटाचा खरा प्रश्न आहे.

अरुळ हे समुद्रात सापडलेलं अनाथ पोर. लूर्दुसामी आणि मेरी यांनी वाढवलेलं. मोठेपणी दारूत बुडालेला हा मुलगा एस्तरमुळे सावरतो आणि मासेमारीला निघतो, तर गाव म्हणतं, तू जन्माने आमच्यातला नाहीस, तुला समुद्रावर हक्क नाही. मला चित्रपटाचा हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. समुद्रावरही जात उभी असते! शेवटी त्याला होडी बांधून देतो तो उडुमान गनी हा मुसलमान कारागीर. समुद्रकनींनी तो फार समजून केलाय. मेरी झाल्यात शरण्या पोन्वण्णन. आपल्या मिताली जगताप-वराडकर यांच्याबरोबर राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळालेल्या त्या याच.

चित्रपटातलं गाव तमिळनाडूच्या तुत्तुकुडी किनाऱ्यावरचं. या पट्ट्यातले परवर जातीचे मच्छीमार सोळाव्या शतकापासून ख्रिस्ती आहेत. 1542मध्ये त्यांच्यात धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर आले, ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे. त्यामुळे चित्रपटातलं चर्च शोभेचं नाही, गावाचा कारभार तिथूनच हलतो.

आता त्या गोळीबद्दल. 1974च्या कराराने भारत आणि श्रीलंका यांच्यामधलं कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेलं आणि 1976पासून एकमेकांच्या हद्दीत मासेमारी बंद झाली. पाण्यावर कुंपण दिसत नाही, मासळी हद्द पाळत नाही. आपल्याकडेही हेच आहे. पालघरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि पाकिस्तानच्या तुरुंगात पोचतात. नोव्हेंबर 2021मध्ये पालघर जिल्ह्यातला असाच एकजण पाकिस्तानी गोळीबारात गेला.

एका बाबतीत मात्र माझी या चित्रपटावर नाराजी आहे. तमिळनाडूचे ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी, समुद्राचा तळ खरवडत श्रीलंकेच्या हद्दीत जातात, तिथल्या छोट्या मच्छीमारांची जाळी तोडतात. श्रीलंकेने 2017मध्ये ट्रॉलिंगवर कायद्याने बंदी घातली ती उगाच नाही. आणि श्रीलंकेच्या उत्तरेतले ते मच्छीमारही तमिळच, त्यांनीही तिथल्या यादवी युद्धात सगळं गमावलेलं. ज्या पोराला 'तू आमचा नाहीस' म्हणून हाकललं जातं, त्याच्या गोष्टीत समोरच्या किनाऱ्यावरच्या त्या माणसाला जागा होती. रामसामींनी ती दिली नाही, याची मला फार खंत वाटते.