बोट डुलते कशी आणि तिला गप कसं बसवायचं

हे बामणोली. साताऱ्याहनं कास पठार ओलांडून खाली उतरलं की लागतं, आणि समोर दिसतंय ते शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं साठलेलं पाणी. वासोट्याला जाणारी मंडळी इथनंच बोटीत बसतात. आता बघा हं, शेजारनं दुसरी लाँच जोरात गेली, तिची लाट आली आणि बोटवाल्या मामांनी लगेच बोटीचं तोंड लाटेकडं वळवलं, कुशीवर घेतली असती तर सगळे एकमेकांच्या अंगावर.

समुद्रातल्या कोट्यवधींच्या मोटर यॉटचं, म्हणजे हौसेनं फिरायच्या आलिशान बोटींचं, दुखणं पण हेच, फक्त तिथं दर लाटेला तोंड वळवत बसलं तर पोचायचं कधी?

ही भानगड ताकदीपेक्षा तालाची जास्त आहे. नागपंचमीचा झोका आठवा, बरोबर वेळेला हात लावला तर लहान पोरगी पण झोका आभाळाला नेते. प्रत्येक बोटीचा डुलायचा स्वतःचा ताल असतो, लाटांचा ताल त्याच्याशी जुळला की बारक्या लाटा पण तिला लोळवतात. अन् नुसती बोट रुंद करून भागत नाही बरं का, रुंद बोट कलंडत नाही पण झटके देत सरळ होते, जीव नकोसा होतो.

मग झोका थांबवायला उलट्या वेळेला हात लावायचा. सगळ्यात स्वस्त म्हणजे पोटाच्या वळणावर लांब पट्ट्या, ना वीज ना सेन्सर, पाण्याला अडतात आणि डुलणं मंदावतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पाण्याखाली बोटीच्या दोन्ही कुशींना लावलेले फिरते पंख, बोट ज्या बाजूला कलते तिथला पंख वाहत्या पाण्याच्या जोरावर तिला उचलून धरतो. पण वेग निम्मा झाला की त्याची ताकद पावच राहते, नांगर टाकला की साधे पंख बिनकामाचे.

तिथं जायरो लागतो. सायकलचं चाक आसाला धरून जोरात फिरवा आणि कलवून बघा, हिसका भलतीकडंच बसतो. तसंच एक जड चाक बंद डब्यात मिनिटाला हजारो फेरे मारतं, बोट कलली की ते पुढंमागं झुकतं आणि त्यातनं बोटीला उलटा रेटा मिळतो. १९३२ साली कोंते दि सावोया या इटालियन जहाजात असे ३ जायरो होते, एकेक १०० टनांच्या घरातला! आता छोट्या यॉटचा जायरो ट्रंकेएवढा असतो, पण वेग घ्यायला अर्धापाऊण तास खातो.

मामांच्या बोटीत यातलं काहीच नाही. टपावर चढलेली दोन पोरं बघितली आणि ओरडले, "खाली या रं, मधे बसा." बरोबरच आहे, वजन वर गेलं की बोट सावकाश पण लांबवर कलते, आणि अजून दोन लाँच येतायत.