गाठ दुखत नाही ना, मग राहू दे?

गाठ दुखत नाही ना, मग राहू दे, असं बऱ्याच घरांत म्हणतात आणि लहान मुलांच्या बाबतीत नेमकं हेच महागात पडू शकतं. पू झालेली गाठ ठणकते, लाल होते, ताप येतो, तिच्याकडे लक्ष जातंच. पण रॅब्डोमायोसार्कोमा, मुलांच्या मऊ भागांतला (स्नायू, चरबी वगैरे) सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर, कित्येकदा अजिबात न दुखता वाढतो. घाबरू नका, मुलांच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. फक्त खेळताना लागलं असेल म्हणून सोडून दिलेली सूज दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही तर दाखवून घ्या.

डॉक्टर हात लावायच्या आधी विचारतात, ही कधीपासून आहे? ह्या एका उत्तरात निम्मं निदान असतं. जन्मानंतर काही आठवड्यांत उगवली, लालभडक, भराभर वाढतेय, तर बहुधा हेमॅन्जिओमा, रक्तवाहिन्यांची गाठ, जी पहिले ५ महिने जोरात वाढते नि मग काही वर्षांत हळूहळू विरते. डोळ्याजवळ किंवा श्वासाच्या वाटेवर असेल तर मात्र वाट बघत नाहीत, प्रोप्रॅनोलॉल देतात, हे हृदयाचं जुनं औषध, इथे त्याचा उपयोग होतो हे २००८ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी योगायोगाने लक्षात आल्यावर मांडलं. आणि जी जन्मापासूनच आहे, मुलाबरोबर तशीच वाढतेय, तो बहुधा रक्तवाहिन्यांच्या घडणीतला दोष, तो सहसा आपोआप जात नाही. म्हणून पहिल्या महिन्यांतले मोबाईलमधले साधे फोटोसुद्धा जपून ठेवा, खरंच खूप उपयोगी पडतात.

जागेवरूनही बरंच कळतं. मानेच्या मधोमध आहे आणि जीभ बाहेर काढली की वर सरकते, तर थायरोग्लॉसल सिस्ट, म्हणजे गळ्यातली जन्मजात पाण्याची पिशवी, असू शकते. टॉर्च लावली की आतून उजळते, म्हणजे आत पाणी आहे. सर्दी-खोकल्यात मानेला छोटे लिम्फ नोड, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या बारीक गाठी, हाताला लागणं नेहमीचंच, पण कॉलरबोनच्या वर लागला तर थांबू नका.

तपासणीत आधी सोनोग्राफी, रेडिएशन नाही, मुलाला गुंगी द्यावी लागत नाही, त्यातल्याच डॉपलर तपासणीने गाठीत रक्त किती वाहतंय तेही दिसतं. खोल, टणक, ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी किंवा वाढतच चाललेली असेल तर एमआरआय, मग सुईने बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. हा क्रम मोडू नका, कारण घाईत नुसती कापून काढली आणि नंतर कॅन्सर निघाला तर पेशी आजूबाजूला राहून जातात आणि पुन्हा मोठं ऑपरेशन करायची वेळ येते. सुई कुठून घालायची हेसुद्धा पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारूनच ठरवावं, म्हणजे तो मार्गही गाठीसोबत काढता येतो.