कातरणातले अणू

[तांबट आळी. सकाळ. हातोड्यांचा आवाज.]

पुण्याची कसबा पेठ, तांबट आळी. पत्र्यावर ठोका पडतो, खळी उमटते. तिला खेटून दुसरी. हे मठारकाम. ठोके खाऊन पत्रा चमकतो आणि कडकही होतो. आज आपल्याला इथलं भांडं नकोय. खाली पडलेलं हे कातरण हवंय. त्यावरून तांब्याच्या दोन शेजारी अणूंमधलं अंतर काढायचंय.

[शाळेची प्रयोगशाळा. कपाट उघडतं.]

हे मोजपात्र. कपाटातून काढलं तेव्हा दुकानाची चिठ्ठी अजून त्याला चिकटलेलीच होती.

[तराजू. मुलींचे हात.]

कातरण भरलं ८९ ग्रॅम. मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी. तुकडे एकेक करून आत. पाणी चढलं ६१ वर. म्हणजे घनता आली दर घन सेंटिमीटरला ८.१ ग्रॅम. तांब्याची घनता पुस्तकात ८.९६ आहे. वर्गात शांतता. मग एकीने पात्र डोळ्यांसमोर धरलं. "बाई, बुडबुडे!"

[जवळून: तांब्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे.]

पात्र हलवलं, टिचकी मारली. बुडबुडे सुटले, पाणी उतरलं ६० वर. घनता ८.९.

[फळा.]

आता उरलं गणित. ६३.५ ग्रॅम तांब्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, इतके अणू. मग ८९ ग्रॅममध्ये? साधारण ८४ वर २२ शून्यं. हे सगळे त्या चढलेल्या १० मिलिलिटरमध्ये, म्हणजे १० घन सेंटिमीटरमध्ये बसलेत. जागा सगळ्यांना सारखी वाटून द्या, प्रत्येकाला एकेक चौकोनी खोली. घनमूळ काढलं की खोलीची बाजू, म्हणजे शेजारच्या अणूपर्यंतचं अंतर मिळतं: ०.२२८ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

आणि तो बुडबुड्यांचा चुकलेला आकडा? मुलींनी तोही घालून पाहिला. उत्तर आलं ०.२३५. घनता नऊ टक्क्यांनी चुकली होती, अंतर जेमतेम तीन टक्क्यांनी हललं. घनमूळ चुका गिळतं. इतकं क्षमाशील मोजमाप शाळेत दुसरं क्वचितच सापडेल, तरी ते फळ्यावरच उरकलं जातं.

[संत्र्यांची हातगाडी. रचलेला ढीग.]

पण अणू खोल्यांत राहत नाहीत. ते या संत्र्यांसारखे रचलेले असतात, वरचं संत्रं खालच्यांच्या खळग्यात. अशा रचनेत तेवढ्याच जागेत शेजाऱ्यांमधलं अंतर थोडं वाढतं, १.१२ पट. ०.२२८ चे होतात ०.२५६. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१४ साली क्ष-किरणांनी तांब्याची हीच रचना दाखवली. अंतरही हेच.

[तांबट आळी. कातरण परत पेटीत पडतं.]

कातरण वाळवून परत केलं. पुन्हा वजन केलं, ८९ ग्रॅमच. ते आता वितळायला जाईल.

[हातोडा. ठोका.]