पायांतला ढोल

(पडदा काळा. फक्त आवाज. टक... टका-टक... टक.)

हा आवाज तबल्याचा नाही आणि टाळांचाही नाही. लाकडी फळीवर बूट वाजतायत. चित्र जरा वेळाने दाखवू, कारण टॅप डान्स आधी ऐकायचा असतो. इथे नाचणाऱ्याला साथीदार असला तर ठीक, नसला तरी अडत नाही. वाद्य त्याच्या पायांतच आहे.

(बुटाचा तळ, अगदी जवळून.)

चवड्याखाली धातूची एक पट्टी, टाचेखाली दुसरी. पट्टी बहुधा तीन स्क्रूंवर बसवलेली असते. स्क्रू घट्ट आवळले की आवाज कोरडा आणि नेमका येतो. जरासे सैल सोडले की पट्टी तळाशी खुळखुळते, आवाज भरतो. मैफलीआधी तबलजी हातोडी घेऊन बसतो ना, तसा हा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो.

पण धातूच्या पट्ट्या फार उशिरा आल्या. ठेका त्यांच्या कितीतरी आधीचा.

(दलदल, नदीकाठ, संध्याकाळ.)

सप्टेंबर १७३९. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत, वाटेत माणसं जमवत ते निघाले. बंड चिरडलं गेलं आणि १७४० साली कायदा आला. गुलामांनी ढोल, शिंगं, मोठ्याने वाजणारं काही बाळगायचं नाही. ढोल निरोप पोचवतो, हे मालकांच्या ध्यानात आलं होतं. ढोल गेले, ठेका अंगावर उतरला. मांडीवर थाप, छातीवर थाप, टाळी, आणि खाली पाय. याला ‘जुबा’ म्हणत.

कायदा झाला आणि टॅप जन्मला, असं सांगून मोकळं व्हायचा मोह होतो. गोष्ट म्हणून ती छानही वाटते. पण आफ्रिकेतून आलेल्या माणसांच्या पायांत ताल आधीपासूनच होता, आणि हा कायदा एका वसाहतीपुरता होता. शिवाय अर्धा नाच आला समुद्रापलीकडून. आयर्लंडचा जिग हा नाच, आणि इंग्लंडातल्या लँकेशरच्या गिरणी कामगारांचे लाकडी तळाचे बूट, क्लॉग. या सगळ्यांची गाठ पडली ती गरिबांच्या वस्तीत.

न्यूयॉर्कमध्ये ‘फाइव्ह पॉइंट्स’ नावाची अशी एक वस्ती होती. चिखल, गुत्ते, भाड्याच्या कोंदट खोल्या. इकडे आयरिश, तिकडे नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे लोक, आणि रात्री सगळे एकाच तळघरात. १८४२ साली चार्ल्स डिकन्स तिथे गेला आणि एका काळ्या पोराचा नाच बघून थक्क झाला. त्याच्या टाचा-चवड्यांना त्याने डफावर फिरणाऱ्या बोटांची उपमा दिली. नाव मात्र लिहिलं नाही. तो पोरगा म्हणजे विल्यम हेन्री लेन, ऊर्फ मास्टर जुबा, असं मानतात. जॉन डायमंड या आयरिश-अमेरिकन नर्तकाशी त्याचे सामने लागत, पैजा लागत. १८४८ मध्ये तो लंडनला गेला, गोऱ्या नटांच्या मंडळीत. ते नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करायचे, आणि त्यांच्यात हा एकटा खरा काळा. काही वर्षांतच तो तिकडेच वारला, ऐन तारुण्यात.

ही काजळी पुढे शंभर वर्षं या नाचाला चिकटून राहिली. पार हॉलीवूडचा गोरा नर्तक-नट फ्रेड अस्टेअरपर्यंत. १९३६ च्या ‘स्विंग टाइम’मध्ये त्यानेही तोंड काळं करून एक नाच केला. तो नाच बिल रॉबिन्सन यांना मुजरा म्हणून होता, हे विशेष.

(एक लाकडी जिना. मोजून पाच पायऱ्या.)

बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन. जन्म १८७८, व्हर्जिनियातलं रिचमंड. आईबाप लहानपणीच गेले. त्यांच्या आधीचे नर्तक पूर्ण पाऊल टेकवून जमिनीला बिलगून नाचत. यांनी नाच चवड्यावर उचलला. शरीर ताठ, चेहरा हसरा, खाली लाकडी तळाचे बूट इतके स्वच्छ वाजतात की एकेक ठोका मोजून घ्यावा. त्यांची हुकमी चीज म्हणजे जिना. चढताना-उतरताना प्रत्येक पायरीचा ठेका वेगळा, पायरीचा सूरही वेगळा.

१९३५ साली हा जिना ‘द लिटल कर्नल’मध्ये पडद्यावर आला. सोबतीला छोटी बालतारका शर्ली टेंपल. चित्रीकरणाच्या वेळी ती जेमतेम सहा वर्षांची. एवढ्याशा पायांना ते ठेके जमायचे कसे? मग त्यांनी तिला युक्ती शिकवली, पायरीच्या उभ्या फळीवर चवड्याने ठोकायचं. आता दृश्य पाहिलंत तर तिचे पाय बघा. आणि मग हात बघा. काळ्या माणसाने गोऱ्या मुलीचा हात धरून नाचायचं, हे हॉलीवूडमध्ये तोवर घडलं नव्हतं. पण भूमिका? नोकराची. दुसरी मिळतच नव्हती.

लाखो कमावले, तितकेच वाटले, उधळले. १९४९ मध्ये गेले तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. ‘कोपसेटिक’ हा त्यांचा लाडका शब्द, म्हणजे एकदम झकास. त्यांच्या पश्चात जुन्या नर्तकांनी मंडळ काढलं, त्याचं नाव ‘कोपसेटिक्स’.

(हार्लेम, न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती. तळघराकडे उतरणारा जिना.)

या नर्तकांची शाळा म्हणजे ‘हूफर्स क्लब’, लाफायेत थिएटरच्या शेजारी. ना गुरू, ना फी. मध्ये उभं राहायचं, नाचून दाखवायचं, पुढच्याने उत्तर द्यायचं. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचललीत तर खैर नाही. उचला, पण मोडून स्वतःची करा. आपल्याकडे घराण्यात गुरूची गत हुबेहूब म्हणता यावी लागते, इथे नेमकं उलट.

जॉन बबल्स कोवळ्या वयात इथे पहिल्यांदा नाचला तेव्हा त्याला हसून घालवलं, असं सांगतात. तो परत आला तो टाचा घेऊन. लय अर्ध्यावर आणली आणि टाचेचे जड ठोके मध्ये पेरले. रॉबिन्सन यांचा नाच सगळा चाटीवरचा, बबल्सने त्याला बायाँ जोडला. जॅझचे ड्रमवादक हे ऐकत होते. जॅझ आणि टॅप तेव्हा एकाच घरात राहत.

मग निकोलस बंधू. फेयार्ड आणि हॅरोल्ड. १९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये भल्यामोठ्या जिन्यावरून दोघे आळीपाळीने एकमेकांच्या डोक्यावरून उडी घेतात, खालच्या पायरीवर दोन्ही पाय फाकवून थेट बसतात, आणि हात न टेकता उठतात. पुन्हा. पुन्हा. त्यांचे नाच इतर चित्रपटांत कथेपासून वेगळे ठेवत, म्हणजे दक्षिणेतल्या थिएटरवाल्यांना काळे नर्तक पडद्यावर नको असले तर तेवढी रिळं कापायला सोपं.

पन्नाशीच्या दशकात बिगबँड, म्हणजे जॅझचे मोठे वाद्यवृंद, बसले, रॉक अँड रोल आलं, ब्रॉडवेच्या नाटकांना बॅलेची चटक लागली. टॅपवाले दुसऱ्या कामांना लागले. हनी कोल्ससारखा बिनीचा नर्तक अपोलो थिएटरमध्ये रंगमंच व्यवस्थापक झाला. पुढे ब्रेंडा बफालिनोसारख्या बायका या म्हाताऱ्यांच्या पायांशी शिकायला बसल्या. ग्रेगरी हाइन्स आले, त्यांच्यानंतर सॅव्हियन ग्लोव्हर. १९९६ मध्ये ब्रॉडवेवर ग्लोव्हर उतरला तो खाली बघत, पाय आपटत. हसरा चेहरा त्याने ठेवलाच नाही. माझ्या मते बोजँगल्सना ते आवडलं असतं.

(दोन जोड्या पाय. एक अनवाणी, घोट्यापर्यंत घुंगरू. दुसरे बुटांत.)

२००४ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या अमेरिकन डान्स फेस्टिव्हलमध्ये कथकचे पंडित चित्रेश दास आणि तरुण टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांची गाठ पडली. पंडितजी साठीच्या घरात, हा पंचविशीतही नाही. त्यातून ‘इंडिया जॅझ स्वीट्स’ हा कार्यक्रम उभा राहिला आणि भारतातही फिरला. एका बाजूला तबला-सारंगी, दुसऱ्या बाजूला पियानो, बास, ड्रम. आपण ज्याला सवाल-जवाब म्हणतो, त्याला हार्लेममध्ये ‘चॅलेंज’ म्हणतात, त्यामुळे समजावून सांगायला फारसं काही नव्हतं.

पंडितजींनी तत्कार सुरू केला.

(पडदा काळा. घुंगरू. मग लोखंड.)