डेमोमॅन डिफेन्समध्ये कसा?

'टीम फोर्ट्रेस २' हा टीमने खेळायचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम सुरू केला की क्लास, म्हणजे आपलं पात्र, निवडायचा पडदा येतो. नऊ जण रांगेत उभे. वर तीन पाट्या : ऑफेन्स, डिफेन्स, सपोर्ट. प्रत्येक पाटीखाली तिघे. २००७ साली व्हॉल्व्हने हा गेम आणला तेव्हाची ही मांडणी.

आता सहा विरुद्ध सहाची स्पर्धेतली मॅच बघा. दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमोमॅन, एक मेडिक. बाकीचे पाच क्लास बहुतेक वेळ बाहेरच. आणि यातला डेमोमॅन कुठल्या पाटीखाली? डिफेन्स!

त्याचे हात बघा. एका दारात आठ स्टिकी बॉम्ब चिकटवले. समोरच्याने उंबऱ्यात पाय टाकला की उडवले. इथवर पाटी बरोबर आहे. पण मॅच सुरू होताच हाच गडी स्वतःच्याच पायाखाली स्टिकी टाकतो, उडवतो, स्वतःची हेल्थ जाळतो आणि त्या धक्क्यावर थेट मधल्या पॉइंटकडे, म्हणजे दोन्ही टीमना काबीज करायच्या जागेकडे, झेपावतो. टीमचा सगळ्यात दांडगा मारा त्याचाच. म्हणून तर स्पर्धांचे नियम सांगतात, डेमोमॅन एकच. मेडिकही एकच. मेडिक म्हणे सपोर्ट. पण त्याचा युबर, म्हणजे खास ताकदीचा मीटर, भरला की आठ सेकंद तो आणि त्याचा साथीदार, दोघांनाही गोळी लागत नाही. सगळी टीम त्याच्या टक्क्यांकडे डोळे लावून बसते. भरला, की चढाई.

गेम बनवणारा नाव देतो, खेळणारे त्याला कामाला लावतात. दोन्ही जुळतीलच असं नाही.

'ओव्हरवॉच' या ब्लिझर्ड कंपनीच्या तशाच गेममध्ये हे बनवणाऱ्यांनाच मान्य करावं लागलं. २०१६ साली त्यात ऑफेन्स आणि डिफेन्स हे वेगळे गट होते. विडोमेकर ही स्नायपर डिफेन्समध्ये, पण चढाई करणारी टीमही तिला बिनदिक्कत घ्यायची. २०१८ साली दोन्ही गट मोडून एकच केला : डॅमेज, म्हणजे मारा करणारे. सिमेट्रा सपोर्टमधून उचलून तिकडे टाकली. साथीदारांना बरं करत नव्हतीच ती, उगाच सपोर्ट म्हणवत होती.

तेवढ्यात खेळाडूंनी वेगळीच शक्कल काढली. तीन टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारे, तीन सपोर्ट, डॅमेज शून्य. सहा जण एकमेकांना चिकटून चालतात, एकमेकांची हेल्थ भरून काढतात, मरतच नाहीत. या रचनेला नाव पडलं 'गोट्स'. नेमबाजीवर नाव कमावलेल्यांना ढाली घेऊन उभं राहावं लागलं. बघणारे कंटाळले.

२०१९ साली ब्लिझर्डने कुलूप लावलं : दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट, आणि मॅचच्या रांगेत उभं राहण्याआधीच तुमचा रोल ठरवा. २०२२ला 'ओव्हरवॉच २' आला, टीम पाचांची झाली, टँक एकच उरला. माहितीसाठी लावलेल्या पाटीचा आता कायदा झाला होता.

कुलूप लागल्यावर डॅमेजच्या रांगेत हीऽ गर्दी. चहा टाका, गाळा, प्या. मॅच अजून लागलेली नसायची. सपोर्ट निवडणाऱ्याची मात्र गॅस पेटवायच्या आत लागायची.