दुर्बीण जरा खाली करा: ठाणे खाडीतली निवटी

(ऐरोलीजवळची खाडी. ओहोटी लागलेली.)

थंडीच्या दिवसांत इथून बोटी सुटतात आणि बोटीतल्या सगळ्या दुर्बिणी रोहित पक्ष्यांवर रोखलेल्या असतात. २०१५ साली ही खाडी रोहित अभयारण्य झाली, २०२२ साली रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. कौतुक रास्तच आहे. पण दुर्बीण जरा खाली करा. त्या गुलाबी पायांपासून थोड्या अंतरावर चिखलातून काहीतरी टुणकन उडतंय. ती निवटी.

वीतभरही नाही. चिखलाच्याच रंगाची, पण ऊन पडलं की अंगावरचे निळसर ठिपके चमकतात. डोळे थेट डोक्यावर. मासा असूनही ओहोटीचा सगळा वेळ ही पाण्याबाहेर काढते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते, शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेते. अंग सुकून चालत नाही, म्हणून मधूनच डबक्यात कुशीवर लोळते.

चिखल खाणारा मासा म्हणून लोक नाक मुरडतात. निवटी खाते ते चिखलावर धरलेलं बारीक शेवाळ. डोकं डावी-उजवीकडे हलवत ती ते खरवडते, बघा. छोटा रोहितही पोट भरतो ते बारीक शेवाळावरच. त्याचे फोटो निघतात, हिला मात्र बाजारात पापलेट-सुरमईच्या पंगतीत बसू देत नाहीत.

(तिवरांच्या कडेला, चिखलात उतरलेली माणसं.)

आगरी-कोळी घरांनी ही पंगत कधी मानलीच नाही. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला ओहोटी लांब जाते, चिखल भरपूर उघडा पडतो. तेव्हा निवटी धरायला जायचं. पाय मांडीपर्यंत रुततो, घाई केली की आणखी रुततो. निवटीच्या बिळाला तोंडं एकापेक्षा जास्त. एक पायाने बुजवायचं आणि दुसऱ्यातून हात घालायचा, कोपरापर्यंत, कधी पार खांद्यापर्यंत. बोटांना बुळबुळीत काही लागलं की लगेच ओढायचं नाही. आधी डोक्यामागे दाबून धरायचं. आणि आत निवटीऐवजी चिंबोरी, म्हणजे खेकडा, बसलेली असली, तर ती स्वतःच कळवते!

(स्वयंपाकघर.)

घरी आणली तरी निवटी जिवंतच असते. टोपावर झाकण हवं, नाहीतर ओट्यापासून मोरीपर्यंत उड्या. बुळबुळ काढायला राख किंवा जाडं मीठ लावून चोळायचं, पोट साफ करायचं, तीन-चार पाण्यांतून काढायचं. मग तेलात ठेचलेला लसूण, हळद, आगरी मसाला, चिंचेचा कोळ. दिवस कैरीचे असतील तर चिंच राहू द्या, कैरीच्या फोडी टाका. खोबऱ्याचं वाटण घालणारेही आहेत, पण मला ते या माशावर अन्याय वाटतं. मांस इतकं मऊ की उकळी आल्यावर डाव घालून ढवळायचं नाही, टोपच कापडाने धरून हलवायचा. सोबत तांदळाची भाकरी.

(नाल्याचं तोंड. फेस आलेलं पाणी.)

आता अडचणीचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं सांडपाणी आणि शहरांचा मैला वर्षानुवर्षं याच खाडीत आलाय. निवटी फार लांब फिरणारी नाही. बिळाभोवतीच चरते. त्यामुळे त्या चिखलात जे बसतं ते तिच्या पोटात जातं. उपजत शहाणपण असलेली माणसं नाल्याच्या तोंडाशी हात घालत नाहीत. पण भराव आणि बांधकामं वाढत गेली, तसा चांगला चिखलही आक्रसला. रोहितांसाठी जो चिखल राखायचा, तोच हिचाही आहे, हे तिथल्या फलकांवर लिहायला काय हरकत आहे?

खायची इच्छा असेल तर मोठ्या मासळी बाजारात शोधत बसू नका. खाडीकाठच्या एखाद्या गावात ओळख काढा. वाटा घेण्याआधी कुठल्या बाजूची आहे ते विचारा. आणि मेलेली निवटी, कितीही स्वस्त दिली तरी, घेऊ नका.